पाच अँपिअर

मी जनरेटरवाल्याचा माणूस.
एक तारखेला मीनाच्या गल्लीत माझी चप्पल जिन्यात वाजली
की टीव्हीचे आवाज आपोआप बारीक होतात.
सात मजले. लिफ्ट नाही,
म्हणजे आहे,
चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये, दीड वर्षं.

पहिल्यावर उम्म राबिह.
पाच अँपिअर घेते: फ्रिज नाहीतर इस्त्री.
दोन्ही लावलं की खटका पडतो
आणि जावयाला अंधारात चाचपडत खाली जावं लागतं.
म्हणते, सरकारला सांग, तीन आठवडे झाले,
दुधाचं दही होतंय, दह्याचं काय होतंय ते तूच वास घेऊन बघ.
मावशी, मी सरकार नाही.
मग कोण आहे सरकार?
दर महिन्याला माझ्या दारात दुसरं कोण येतं?
याची पावती माझ्या पुस्तकात नव्हती.

दुसऱ्यावर दोघे भाऊ, समोरासमोर दारं.
एक म्हणतो, डिझेलची सबसिडी काढली म्हणून देश बुडाला.
दुसरा म्हणतो, इतकी वर्षं दिली म्हणून.
वायर एकच, भिंतीतून जाते.
निम्मे निम्मे पैसे, दोन पाकिटांत,
आणि दोघेही विचारतात: त्याने दिले का?

नुहाद काही बोलत नाही.
बँकेत होती. तिचे पैसे अजून तिथेच आहेत.
भाजीच्या पिशवीतून लिरांच्या गड्ड्या काढते,
अंगठा ओला करून मोजते,
पूर्वी काचेआड बसून मोजायची तशीच,
शेवटची नोट किंचित दुमडून.
मी उभ्या उभ्या थकतो. एका महिन्याच्या उजेडाला
इतका वेळ लागतो मोजायला.

मित्री सर सहाव्यावर. गुडघे गेलेत,
म्हणून सज्जातून दोरीने टोपली सोडतात.
वज्दी! विद्युतदाबाची व्याख्या सांग!
सगळी गल्ली वर बघते.
मला शाळेतही येत नव्हती.
टोपलीत पैसे, आणि माझंच मागच्या महिन्याचं बिल,
बेरीज लाल शाईने दुरुस्त केलेली.
खाली शेरा: शून्यं मोजायला शीक,
आता तेवढंच वाढतंय.

काल रात्री मंत्री बोलले.
पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चोवीस तास.
पाचव्यावरची ताला अकरा वर्षांची आहे,
तिने आईला विचारलं,
हे वाक्य माझ्याहून मोठं आहे ना?

आणि मग तीन वाजता,
समुद्रसुद्धा झोपलेला असताना,
लाईट आली.
कुणी ओरडलं नाही, तरी सगळी इमारत उठली.
सात मजल्यांवर कपड्यांची मशीनं घुमायला लागली,
पाण्याचे पंप, मोबाईलचे चार्जर, कुणाचं तरी मिक्सर.
पहाटे तीनला कांदा परतल्याचा वास.
दोघे भाऊ आपापल्या सज्जात कपडे वाळत घालत होते.
धाकट्याचा चिमटा पडला.
थोरल्याने आपल्याकडचा एक पुढे केला,
तिसरीकडेच बघत.

चार वाजून दहा मिनिटांनी गेली.
माझा वसुलीचा एकुलता एक सदरा
मशीनच्या पोटात, साबणासकट, दार बंद.
बायकोने चमच्याने उचकटून काढला, पिळून दिला,
म्हणाली, अंगावरच वाळेल.

तसाच निघालो, राहिलेली बाकी गोळा करायला.
पहिल्याच मजल्यावर उम्म राबिहने
मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
काढ तो, म्हणाली.
फ्रिजची पिन ओढली,
इस्त्रीची खुपसली.
मी तिच्या स्वयंपाकघरात बनियनवर उभा,
वाफेत डिझेलचा वास,
आणि ती कॉलर दोनदा फिरवत म्हणते,
सरकारने असं ओलं हिंडू नये.

सदरा गरम होता.
पैसे, म्हणाली, पुढच्या महिन्यात.